मुंग्या आल्या

माणूस माणसावर जळतो, ते समजू शकतं. मी सत्तराव्या वर्षी एका कापडी गोगलगाईवर जळलो. थोडाथोडका नाही, जेवण जायचं नाही इतका. माझ्या बायकोचं, शालनचं, ते गल्लीभर सांगून झालंय, आता तुमच्यापासून काय लपवायचं?

मी हणमंत. पाटणला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण सातवीपर्यंत, पण डबा उघडला की आत काय बिघडलंय ते वासावरून सांगायचो. पाटण म्हणजे चारी बाजूंनी डोंगर, आणि टीव्हीची लाट असते नाकासमोर चालणारी. डोंगर आडवा आला की ती काय वळसा घालून येत नाही. मग आमच्या वाट्याला यायचं ते धडपडत आलेलं चित्र. अँटिना जरा हलला की पडद्यावर नुसती काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची वळवळ. त्याला सगळे म्हणायचे मुंग्या. "हणमंतराव, मुंग्या आल्या!" अशी खालून हाक आली की मी कुणाच्या तरी पत्र्यावर चढलेलाच.

एकदा दूरदर्शनच्या टॉवरवरच्या सायबानं मला सांगितलं होतं, या मुंग्यांमधल्या शंभरात एखादी तरी आपल्या गावची नसते. हे सगळं जग जन्माला आलं, तेव्हाचा जो उजेड अजून आभाळात फिरतोय, तो अँटिन्यात सापडतो आणि पडद्यावर मुंगी होऊन वळवळतो. मला ते लई आवडलं. तेव्हापासून मुंग्यांवर मी कधी चिडलो नाही.

त्या काळात, म्हणजे पंच्याण्णवच्या सुमाराला, रविवारी सकाळी एक कार्यक्रम लागायचा. 'शंखोबाची ओसरी'. एक कापडी गोगलगाय, पाठीवर शंख, डोळे दोन बटणांचे. ओसरीवर बसायचा आणि पोरांशी बोलायचा. मारामारी नाही, धावपळ नाही. शेंगा सोलायचा. कोळी जाळं कसं विणतो ते बघत बसायचा. एक प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. एवढा थांबायचा की मोठ्या माणसाला वाटावं, टीव्ही बिघडला. माझी पोरगी वृषाली तेव्हा पाच वर्षांची. तिचा जीव त्याच्यावर. पण रविवारी सकाळी मी कायम दुसऱ्याच्या पत्र्यावर. म्हणून कार्यक्रम कॅसेटवर भरून ठेवायचो आणि संध्याकाळी आम्ही बापलेक मांडीला मांडी लावून बघायचो.

हे झालं जुनं. आता परवाचं ऐका.

वृषाली पुण्याला असते. दुसऱ्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली. बरोबर थोरली इरावती, आमची इरू, सहा वर्षांची. तीन महिने नात माझ्या घरात! मी आधीच तयारी करून ठेवली होती. जुना व्हीसीआर माळ्यावरून काढला. फीत वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं. बेल्ट सडला होता, तो कुठं मिळतोय आता? सायकलच्या ट्यूबचं रबर कातरून घातलं. कॅसेटा वृषालीनं मागंच कुठंतरी नेल्या होत्या, बहुतेक टाकून दिल्या असं मी धरून चाललेलो. पण एक माझ्या कपाटात राहिली होती. दोन महिने खपून ती चालती केली.

इरूला शेजारी बसवलं. शेंगांची वाटी मधे ठेवली. शंखोबा आला. मी आवाज वाढवला.

शंखोबानं विचारलं, "मुलांनो, आज ओसरीवर कोण आलंय?"

इरू म्हणाली, "चिमणी."

शंखोबा थांबला आणि पुढं बोलायला लागला. इरू वैतागली. "आजोबा, मी सांगितलं ना चिमणी. हा ऐकतच नाही!"

"बाळ, तो टीव्हीतला हाय. त्याला कसं ऐकू येईल?"

"माझ्या शंखोबाला येतं. आणि ह्याचा आवाज खोटा आहे."

चार मिनिटं. चार मिनिटांत पोरगी उठून गेली. मी एकटा शेंगा सोलत बसलो. शालन दारातून म्हणाली, "अवो, दोन महिने रबर कातरत होता. त्यापरीस पोरीला एक झोका बांधला असता."

इरूचा शंखोबा म्हणजे चौकट. फोटोच्या फ्रेमएवढा पडदा, भिंतीला टेकवून ठेवायचा. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं जुने बालकार्यक्रम जिवंत करायचं काढलं होतं. मूळ फिती कधीच पुसल्या गेल्या होत्या, म्हणून घराघरातनं कॅसेटा गोळा केल्या. आता हे यंत्र काय करतं, माझ्या डोक्याला समजलं तसं सांगतो. शिंप्याला तुम्ही एका माणसाचे दहा जुने सदरे दिले, तर तो माणूस न बघताही अकरावा सदरा त्याच मापाचा शिवेल. तसं यंत्रानं शेकडो तास शंखोबा बघितला. मान किती वाकवतो, कुठं थांबतो, कशाला हसतो. ती मापं घेऊन आता ते रोज नवा शंखोबा शिवतं, समोरच्या पोराच्या अंगाला बेतून. इरूला तो नावानं ओळखायचा. कालचं आज आठवायचा. हजारो घरांत हजारो पोरांशी एकाच वेळी बोलायचा आणि प्रत्येकाला वाटायचं, हा माझाच.

आणि मी? मी घोडा झालो, गोष्टी सांगितल्या, दाताची कवळी काढून दाखवली. पोरगी हसायची आणि मग म्हणायची, "थांबा, हे शंखोबाला सांगून येते." म्हणजे नकला मी करायच्या आणि गंमत त्याच्या दारात जाऊन सांडायची!

एक गोष्ट मात्र मला फारच लागली. इरूचं कधी कधी तोंड उतरायचं. मी लगेच विचारायचो, "काय झालं गं? पोट दुखतंय? कोण बोललं? लाडू आणू?" ती काहीच सांगायची नाही. चौकटीपुढं जाऊन बसायची आणि बारीक आवाजात म्हणायची, "शंखोबा, मुंग्या आल्या."

मग तो शंखोबा नाकातनं, चिरक्या आवाजात म्हणायचा, "मुंग्या आल्या व्हय? मुंग्या आल्या की बोलायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं." आणि गप्प. पोरगी इकडं गप्प, तो तिकडं गप्प. दहा दहा मिनिटं. मग ती उठायची आणि खुशाल जेवायला यायची.

मी दाराआडून बघायचो. मला काय काय झालं म्हणून सांगू. माझी नात, माझं घर, आणि मनातलं कळणार त्या बटणाच्या डोळ्याच्या कापडाला?

"वृषा," मी पोरीला म्हणलं, "ही असली भाषा शंखोबाच्या तोंडी कधी नव्हती. तो शुद्ध बोलायचा, रेडिओवाल्यासारखा. 'व्हय' काय, 'मुंग्या' काय. पोरगी बिघडेल."

वृषालीनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण पोटावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "मला आवडतो तो तसा. राहू दे, अण्णा."

शालन म्हणाली, "तुम्ही घरात 'व्हय' म्हणता तवा पोरगी बिघडत न्हाई का? सरळ सांगा की, जळताय."

"मी? चिंधीवर?"

"मग बटाट्याची भाजी तशीच का परत पाठवली सकाळी?"

मी दुकानाच्या जुन्या खुर्चीत जाऊन बसलो आणि त्या कंपनीला तक्रार लावली. चांगली ठणकावून. मी तीस वर्षांचा टीव्हीचा कारागीर आहे, मूळ कार्यक्रम मी डोळ्यांनी बघितलाय, तुमच्या शंखोबाचा आवाज नकली आहे, भाषा नकली आहे, मुंग्यांचं ते खूळ तर शंभर टक्के नकली आहे, ताबडतोब काढा. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मधे वृषाली बाळंत झाली. दुसरी मुलगी. घरात नुसती गडबड. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, येणारीजाणारी. जो येईल तो पाळण्याकडं धावायचा आणि वाटेत इरू उभी असायची. "इरू, सरक गं जरा." "सरक बाळ, मावशीला बघू दे." दिवसातनं पन्नास वेळा 'सरक'. चौकटीपुढं 'मुंग्या आल्या' वाढत चाललं. मी ते बघत होतो आणि माझ्या टाळक्यात एवढंच, की बघा, पुन्हा त्याच्याकडंच गेली.

बारशाच्या आदल्या दिवशी कंपनीचा फोन आला. मुलगी होती, बोलायला गोड.

"काका, तुमचं अभिनंदन. तुमची तक्रार बरोबर निघाली."

"बरोबर असणारच," मी मिशी चाचपली.

"आम्हाला हजारभर कॅसेटा आल्या होत्या. त्यातल्या तीन कॅसेटांत मूळ आवाज नाहीच. कुणीतरी वरून स्वतः बोललंय. यंत्राला ते कळलं नाही. उलट त्या आवाजापुढं मुलं जास्त वेळ रमतात असं त्याला दिसलं, म्हणून त्यानं हळूहळू तोच आवाज पुढं आणला. मुंग्यांचं वाक्यही तिथलंच."

"कोण गाढव आहे हा?" मी म्हणलं. "दुसऱ्याच्या कार्यक्रमावर स्वतःचं तोंड चालवणारा?"

"नाव नाही काका. कॅसेटवर फक्त चिठ्ठी आहे." ती वाचायला लागली, अडखळत. "वृषाची क्यासेट. हाथ लाऊ नय."

मी मिशीवरचा हात खाली घेतला.

"लिहिणाऱ्याला शुद्धलेखन जमत नसावं," ती हसली. "असो. परवानगीशिवाय कुणाचा आवाज वापरणं कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून शंखोबा आज रात्रीपासून बंद. आवाज साफ करून सोमवारी मूळ आवाजात सुरू होईल. मुंग्या जातील. तुमचे आभार, काका."

फोन ठेवला आणि सगळं समोर उभं राहिलं. त्या वर्षी श्रावणात वाऱ्यानं माझाच अँटिना वाकला होता. तीन रविवार कॅसेटवर आवाजाच्या जागी नुसती घरघर. पाच वर्षांची पोरगी संध्याकाळी वाट बघत बसणार. व्हीसीआरला एक बटण असायचं, चित्र तसंच ठेवून आवाज नवा भरायचं. मी दुकानाचं दार लावून घेतलं, माईक जोडला आणि नाकाला शालनचा कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. शंखोबाचं तोंड म्हणजे उघडमीट, काहीही बोललं तरी बसायचं. जे सुचेल ते बोललो. मधे मधे चित्रच जायचं, नुसत्या मुंग्या. तेव्हा काय बोलणार? म्हणलं, मुंग्या आल्या की बोलायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. म्हणजे पोरगी रडणार नाही, चित्र यायची वाट बघेल. आणि तिच्या शेजारी तर मीच बसलेला असायचो.

त्या कॅसेटा टाकून दिल्या असं समजून मी विसरून गेलो होतो.

वृषालीच्या खोलीत गेलो. ती बाळाला पाजून टेकली होती.

"तुला ठाऊक होतं?"

"चौथीपासून," ती म्हणाली. "शाळेत मी म्हणाले, शंखोबा 'व्हय' म्हणतो. सगळी मुलं हसली. म्हणाली, कुठं म्हणतो? घरी आले तर तुम्ही फोनवर कुणाला तरी सांगत होता, मुंग्या आल्या व्हय, आलोच. तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून मीही नाही. कंपनीनं कॅसेटा मागवल्या तेव्हा मुद्दाम त्याच तीन आधी पाठवल्या, नाव न घालता." तिनं बाळाला थोपटलं. "पण अण्णा, तुम्हाला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही?"

कसा येणार? हे मला धंद्यातनं माहीत होतं आणि तरी फसलो. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरनं कधी पुरता ऐकूच येत नाही. बोलताना कवटीचं हाड आतून थरथरतं, त्यानं आवाज भरदार वाटतो. हाड मधनं काढलं की जो उरतो, तो जगाला ऐकू येतो आणि आपल्याला परका वाटतो. त्यात बत्तीस वर्षं मधे, बत्तीस दात मधे, आणि वर चिमटा.

"मी तक्रार लावली त्याची," मी म्हणलं. "सोमवारी पुसून टाकणार."

वृषाली बाळाचं दुपटं सारखं करायला लागली. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

बारशादिवशी सकाळी चौकट काळी. इरूनं दोनदा हाक मारली, पुसून बघितली, मग निघून गेली. मी कंपनीला फोन लावला.

"तक्रार मागं घेतो. तो गाढव मीच आहे."

"काका?" पोरगी गोंधळली. "तुम्ही असाल तर प्रश्नच नाही, तुमची परवानगी चालेल. पण यंत्रापुढं आवाज जुळवावा लागेल. चारपाच वाक्यं बोला."

घरात पाहुणे भरलेले. मी मागच्या पडवीत जाऊन फोनसमोर बोललो. यंत्र म्हणालं, जुळत नाही. पुन्हा बोललो. जुळत नाही. कवळी काढून बोललो, लावून बोललो. जुळत नाही, जुळत नाही. तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी जेवढी जळजळ झाली तेवढी कधी झाली नव्हती. एवढे दिवस कापडावर जळत होतो. आता अडतीस वर्षांच्या हणमंतावर जळलो. त्याला दात होते, पोरीशेजारी गप्प बसायला जमत होतं. आणि मी कोण? त्याच्या नावावर आलेला म्हातारा.

तेवढ्यात शालन टोपलं घेऊन आली, दोरीवरचे लंगोट काढायला. माझी दशा बघितली. दोरीवरनं एक चिमटा काढला आणि माझ्या हातात दिला.

"तुला कसं ठाऊक?"

"त्या वर्षी तीन चिमटे गेलेवते माझे," ती म्हणाली. "दुकानात सापडले. मला वाटलं, सोल्डरचा वास सोसत नसंल तुम्हाला. आत्ता तुमचं बोलणं ऐकलं तवा उलगडलं."

चिमटा लावला. "मुंग्या आल्या व्हय?" म्हणलं.

यंत्र जरा थांबलं. मग म्हणालं, जुळतंय. फोनवरची पोरगी टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, पाच मिनिटांत सुरू करते, काका.

मी चिमटा हातात घेऊन आत पळालो. डोक्यात एकच. आधी इरूला गाठायचं. चिमटा लावायचा आणि तिच्यापुढं बोलायचं. बघ, तुझा शंखोबा कोण आहे! मीच आहे तो! मग बघू कोण जिंकतं.

बाहेर पाळणा म्हणत होत्या बायका. हसणं चाललेलं. इरू आतल्या खोलीत, गाद्यांच्या चळतीआड, काळ्या चौकटीपुढं पाय पोटाशी घेऊन बसली होती. नवा फ्रॉक, डोक्यात गजरा, आणि कुणाचं लक्ष नाही. तिनं मला बघितलं नाही. काळ्या काचेला म्हणाली, "मुंग्या आल्या."

चिमटा माझ्या बोटांत होता. नाकापर्यंत हात गेला सुद्धा.

पण मुंग्या आल्या की बोलायचं नाही. असं मीच पोरांना सांगून ठेवलेलं.

चिमटा खिशात टाकला. गुडघे कडाकडा वाजवत तिच्या शेजारी खाली बसलो. लाडू विचारला नाही. पोट विचारलं नाही. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. जिभेला कुलूप घालून बसलो. बाहेर नाव ठेवलं, टाळ्या झाल्या. इरूनं हळूच माझ्या दंडाला डोकं टेकलं.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "सगळे मला सारखं सरक म्हणतात. बाळाला कुणी नाही म्हणत."

मी नुसती मान हलवली.

"तुम्हाला येतात का मुंग्या, आजोबा?"

"येतात की."

"कुणामुळे?"

तेवढ्यात चौकट उजळली. ओसरी दिसली. बटणाचे डोळे दिसले. नाकातनं आवाज आला, "इरू, आलो गं. वाट बघत हुतीस व्हय?"

इरू ताडकन उठली, माझा दंड तसाच गार सोडून. चौकटीला नाक लावून म्हणाली, "शंखोबा! आजोबांना पण गप्प बसता येतं!"

"व्हय? कुणी शिकवलं त्यास्नी?"

"तू! अजून कोण?"

बघा. सगळं श्रेय पुन्हा त्यालाच. खिशात चिमटा टोचत होता. एक शब्द बोललो असतो तर बाजी माझी होती. नाही बोललो. पण खोटं कशाला सांगू, जळलो. अजूनही जळतो.

इरू मागं वळली, माझा हात धरला आणि ओढत चौकटीपुढं आणलं. मग पडद्याकडं बघून, दिवसभर ऐकलेल्या त्याच सुरात म्हणाली, "शंखोबा, सरक जरा. आजोबांना बसू दे."

आणि तो सरकला. ओसरीच्या कडेला, हळूहळू. एवढा हळू, की बघणाऱ्याला वाटावं, टीव्ही बिघडला.